दर स्कॅनला वेगळी चॅनेल सापडत असतील, तर आधी स्कॅन करणं थांबवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपला यूएसबी टीव्ही ट्यूनर लावला, ड्रायव्हर बसला, सोबत आलेला, बुडाला चुंबक असलेला वीतभर अँटेना टेबलावर ठेवला. पहिल्या स्कॅनला पाच चॅनेल सापडली, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एकही नाही. सॉफ्टवेअर मात्र सिग्नल ७८ टक्के दाखवतंय, आणि छतावरच्या अँटेनाला जोडलेल्या टीव्हीवर सगळं व्यवस्थित दिसतं. तेव्हा ट्यूनर बदलावा की सॉफ्टवेअर?

बहुधा दोन्ही बदलायची गरज नाही. पहिल्या स्कॅनने खूप काही सांगून टाकलंय. ड्रायव्हर काम करतोय, देशाची निवड बरोबर आहे, तुमच्या भागात ज्या पद्धतीने प्रसारण होतं ती या ट्यूनरला कळते. यातलं एकही चुकलं असतं तर पाच सोडा, बहुधा एकही चॅनेल हाती लागलं नसतं. ज्याला कधीच काही सापडत नाही त्याची तपासणी वेगळी असते, तिच्याकडे शेवटी येतो. तुमचं दुखणं काठावरच्या सिग्नलचं आहे, आणि ते स्कॅन पुन्हा पुन्हा करून कळत नाही. उलट बरीच सॉफ्टवेअरं नव्या स्कॅनच्या वेळी जुनी यादी पुसून टाकतात, म्हणजे पहिल्यांदा जे हाती लागलं होतं तेही जातं.

आधी त्या पाच, दोन, शून्य या आकड्यांकडे बघू. डिजिटल प्रसारणात प्रत्येक चॅनेलला स्वतःची वेगळी फ्रिक्वेन्सी नसते. एका फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनेलांचा गठ्ठा येतो. त्याला मल्टिप्लेक्स, किंवा नुसतं मक्स म्हणतात. गठ्ठा आला तर अख्खा येतो, नाहीतर त्यातलं एकही चॅनेल येत नाही. म्हणून मला वाटतं की तुमच्याकडे दोन मक्स पोचत होते, एकात तीन चॅनेल आणि दुसऱ्यात दोन. दुसऱ्या वेळी पहिला मक्स निसटला, तिसऱ्या वेळी दुसराही. पहिली यादी कुठे शिल्लक असेल तर चॅनेलच्या तपशिलात फ्रिक्वेन्सी दिलेली असते, ती ताडून पाहा. खरोखर दोनच आकडे निघाले, तर आपल्याला पाच चॅनेलांच्या मागे लागायचं नाही, दोन फ्रिक्वेन्सी स्थिर करायच्या आहेत. काम एकदम आटोक्यात येतं.

आता स्कॅन चालू असताना आत काय घडतं ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सॉफ्टवेअर हवेत काय चाललंय हे स्वतःहून हुडकत नाही. तुम्ही देश निवडला की त्याच्या हाती फ्रिक्वेन्सींची एक ठरलेली यादी येते. युरोपात यूएचएफ या उंच फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात एकेका वाहिनीची (म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या ठरलेल्या कप्प्याची, पडद्यावरच्या चॅनेलची नव्हे) रुंदी ८ मेगाहर्ट्झ असते: वाहिनी २१ चा मध्य ४७४ मेगाहर्ट्झवर, २२ चा ४८२ वर, असं करत ४८ चा ६९० वर. अमेरिकेत रुंदी ६ मेगाहर्ट्झ आणि यूएचएफची सुरुवात वाहिनी १४ पासून, तिचा मध्य ४७३ वर. सॉफ्टवेअर ट्यूनरला यादीतल्या एकेका जागी नेतं आणि लॉक, म्हणजे सिग्नलवर पक्की पकड, मिळतं का ते पाहतं. मिळालं तर त्या प्रवाहातले तक्ते वाचतं: आत कोणकोणते कार्यक्रम आहेत, त्यांचं चित्र नि आवाज कुठे आहे, त्यांची नावं काय. ठरावीक वेळात लॉक मिळालं नाही की पुढच्या फ्रिक्वेन्सीवर जातं.

गोम या ठरावीक वेळेत आहे. किती थांबायचं हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं आणि स्कॅन लवकर संपावं म्हणून तो वेळ अनेकदा अगदी तुटपुंजा ठेवतात. तक्ते मात्र आपापल्या गतीने येतात. डीव्हीबी या, युरोपात वापरल्या जाणाऱ्या डिजिटल प्रसारण पद्धतीच्या नियमांप्रमाणे कार्यक्रमांचा मूळ तक्ता सेकंदात अनेकदा येतो, नावांचा तक्ता दर दोन सेकंदांतून किमान एकदा, आणि नेटवर्कचा तक्ता दहा सेकंदांतून एकदा आला तरी नियमात बसतं. सिग्नल दमदार असेल तर एवढं पुरतं. काठावरच्या सिग्नलमध्ये नेमका तो तक्ता घेऊन आलेला तुकडाच बिघडलेला असेल तर तपासणीत तो नापास होतो, सॉफ्टवेअर त्याला टाकून देतं, पुढचा यायच्या आत वेळ संपते आणि मक्स 'सापडला नाही' म्हणून जाहीर होतो. चॅनेल सापडलं पण नावाच्या जागी नुसता क्रमांक दिसतोय, असाही अनुभव बऱ्याच जणांना येतो. तिथे मूळ तक्ता मिळालेला असतो आणि नावांचा हुकलेला असतो. तुमच्या तीन स्कॅनमध्ये अँटेना जागचा हललाही नसेल, तरी निकाल तीन वेगळे येऊ शकतात ते यामुळे.

मग ते ७८ टक्के काय आहेत? या टक्क्यांवर विश्वास ठेवू नका, हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगतो. टक्के कशाचे, याला सर्वमान्य व्याख्याच नाही. प्रत्येक ड्रायव्हर आपल्या सूत्राने हा आकडा काढतो, आणि बहुतेक वेळा तो ट्यूनरला आतल्या आत किती प्रवर्धन करावं लागलं त्यावरून काढलेला असतो. त्यात गोंगाटही मोजला जातो. लॅपटॉपचा चार्जर, शेजारची एचडीएमआय केबल, जवळचा मोबाइल टॉवर यांनीही टक्क्यांचा पट्टा वर चढतो. पाहायचा आकडा वेगळा आहे: गुणवत्ता, म्हणजे सिग्नल आणि गोंगाट यांचं डेसिबेलमधलं गुणोत्तर. ते एसएनआर किंवा सीएनआर या नावाने दिसतं. अमेरिकेतल्या एटीएससी पद्धतीत साधारण १५ डेसिबेल ही किमान पातळी आहे. डीव्हीबी-टीमध्ये, म्हणजे अँटेनाने पकडायच्या डीव्हीबीत, प्रसारकाने निवडलेल्या मांडणीवर ती अवलंबून असते. लहरीत माहिती भरण्याची ६४-क्वाम ही पद्धत आणि चुका दुरुस्त करण्यासाठी दोन-तृतीयांश कोड असेल तर १७ ते १९ च्या आसपास. डिजिटलमध्ये चित्र हळूहळू मुंग्यांनी भरत जात नाही. किमान पातळीच्या एक-दोन डेसिबेल वर सगळं लख्ख असतं, एक-दोन डेसिबेल खाली काहीच नसतं. तुम्ही नेमके त्या काठावर बसला आहात.

आता काय करायचं. एका माहीत असलेल्या फ्रिक्वेन्सीवर हाताने ट्यून करा आणि तिथेच थांबून राहा. फ्रिक्वेन्सी पहिल्या यादीतून घ्या. ती पुसली गेली असेल तर टीव्हीच्या मेनूत सिग्नलची माहिती दाखवणारा पडदा असतो, तिथे वाहिनीचा क्रमांक किंवा फ्रिक्वेन्सी मिळते. प्रसारकांच्या आणि नियामकांच्या संकेतस्थळांवरही प्रक्षेपकांच्या याद्या असतात. मात्र पडद्यावर दिसणारा चॅनेल क्रमांक आणि हवेतली खरी वाहिनी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत ७.१ म्हणून दिसणारं चॅनेल प्रत्यक्षात वाहिनी २२ वरून येत असू शकतं. रिमोटवरच्या आकड्यावरून फ्रिक्वेन्सीचा हिशेब करू नका.

व्हीएलसीमध्ये 'कॅप्चर उपकरण उघडा' या पर्यायात डिजिटल टीव्ही निवडून फ्रिक्वेन्सी आणि बँडविड्थ भरता येते. लिनक्सवर असाल तर डीव्हीबी-व्ही५ची साधनं त्याहून बरी, कारण ती लॉकची अवस्था, सीएनआर आणि न दुरुस्त झालेले माहितीचे तुकडे सेकंदासेकंदाला दाखवत राहतात. विंडोजवर डीव्हीबीव्ह्यूअर किंवा नेक्स्टपीव्हीआरसारख्या सॉफ्टवेअरांत हाताने फ्रिक्वेन्सी भरण्याची सोय आहे. एकक मात्र नीट वाचा. कुणी मेगाहर्ट्झ मागतं, कुणी किलोहर्ट्झ, कुणी हर्ट्झ. ४७४, ४७४००० आणि ४७४०००००० ही एकच फ्रिक्वेन्सी आहे, आणि तीन शून्यं कमी-जास्त झाली तर सॉफ्टवेअर तक्रार न करता निमूटपणे 'सिग्नल नाही' म्हणतं.

लॉक मिळालं की लगेच खूश होऊ नका, पाच मिनिटं आकड्यांकडे बघत राहा. सीएनआर १६ आणि १९ च्या मध्ये झोके घेतोय, न दुरुस्त झालेल्या तुकड्यांचा आकडा थोडा वेळ स्थिर राहून अचानक पन्नास-साठने उडी मारतोय, तुम्ही खुर्चीतून उठलात की लॉक जातंय, असं चित्र दिसलं तर आपलं निदान पक्कं. चांगल्या जागी हाच तुकड्यांचा आकडा तास न् तास हलत नाही. मला अँटेना बसवताना टक्क्यांचा पट्टा बघायची गरजच पडत नाही. हा एक आकडा वाढायचा थांबला की जागा सापडली.

अँटेनाची जागा शोधणं हे या सगळ्यातलं सर्वात महत्त्वाचं काम आहे. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अर्धा मीटर असते. खोलीत भिंतींवरून परतलेल्या लहरी थेट येणाऱ्या लहरीत मिसळतात, कुठे जोर वाढतो, कुठे एकमेकींना मारतात. चांगल्या जागेपासून वाईट जागा बारा-तेरा सेंटीमीटरवरही असू शकते. म्हणून अँटेना या खोलीतून त्या खोलीत नेण्याआधी आहे तिथेच तळहाताएवढा इकडेतिकडे सरकवा, दर वेळी दहा सेकंद थांबून सीएनआर वाचा. मग खिडकीजवळ, मग उंचावर. धातूची जाळी किंवा चकाकणारा थर असलेली काच सिग्नल अडवते, तिथे उघडी खिडकी आणि बंद खिडकी यांत स्पष्ट फरक दिसतो.

तुमचा चुंबकाचा अँटेना प्रत्यक्षात अर्धाच अँटेना आहे. उरलेलं अर्धं काम त्याच्या बुडाखालच्या धातूच्या पृष्ठभागाने करायचं असतं, चुंबक त्यासाठीच दिलेला असतो. लाकडी टेबलावर तो लंगडा पडतो. जेवणाच्या ताटाएवढा लोखंडी पत्रा त्याच्याखाली ठेवा, फरक आकड्यात दिसेल. काडीची लांबी ओढून कमी-जास्त होत असेल तर ६०० मेगाहर्ट्झला ती साधारण साडेबारा सेंटीमीटर हवी. तुमचा एखादा मक्स व्हीएचएफ या खालच्या पट्ट्यात, २०० मेगाहर्ट्झच्या आसपास असेल तर तिथे सुमारे सदतीस सेंटीमीटर लागते, म्हणजे वीतभर काडीकडून फार अपेक्षा नको. शिवाय काही प्रक्षेपक आडव्या ध्रुवीकरणाने, म्हणजे लहरींचं कंपन आडवं ठेवून, प्रसारण करतात, काही उभ्या. शेजारच्या छतांवरच्या अँटेनांच्या दांड्या आडव्या दिसत असतील तर पत्रा उभा करून अँटेना त्याला चिकटवा, म्हणजे तुमची काडीही आडवी होईल. खोलीतल्या परावर्तनांमुळे हा नियम थोडा ढिला होतो, पण करून पाहायला काहीच लागत नाही.

लॅपटॉप स्वतःही गोंगाट करतो, आणि ट्यूनर थेट त्याच्या पोर्टात खुपसलेला असेल तर तो गोंगाट त्याच्या शेजारीच असतो. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून ट्यूनर दूर न्या, अँटेना त्याहून दूर. जमलं तर यूएसबी २ चं पोर्ट वापरा, नाहीतर निदान यूएसबी ३ च्या बाह्य हार्ड डिस्कच्या शेजारी ट्यूनर नको. चार्जर काढून बॅटरीवर दोन मिनिटं चालवून पाहा. सीएनआर दोन डेसिबेलने वाढला तर चोर सापडला.

इथे बरेच लोक अँम्प्लिफायर विकत घेतात. थांबा. अँटेनाजवळ सिग्नल गोंगाटात बुडालेला असेल तर अँम्प्लिफायर दोघांनाही सारखंच वाढवतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. अँम्प्लिफायर उपयोगी पडतो तो अँटेनापाशी सिग्नल चांगला असून लांब केबलमध्ये किंवा फाट्यांमध्ये झिजत असेल तेव्हा, आणि तोही अँटेनाजवळ लावला तरच. दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये साडेतीन डेसिबेलच्या आसपास जातात, आणि काठावर बसलेल्याला तेवढे पुरेसे असतात. याउलट प्रक्षेपक जवळ असेल तर अँम्प्लिफायरमुळे ट्यूनर तुंबतो आणि होती ती चॅनेलही जातात. ७०० आणि ८०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले मोबाइल टॉवरही असंच करू शकतात. त्यावर वेगळा फिल्टर मिळतो.

तुमच्या बाबतीत याहून सोपी कसोटी आहे, ती सर्वांत आधी करा. टीव्हीच्या मागची छतावरून आलेली केबल काढून थेट ट्यूनरला लावा. छोट्या सॉकेटसाठी जोडणी लागेल, ती ट्यूनरसोबत बहुधा आलेली असते. त्यावर दोन्ही फ्रिक्वेन्सींना २५ च्या वर सीएनआर मिळाला तर ट्यूनर निर्दोष आहे आणि सगळा दोष त्या वीतभर काडीचा. टीव्हीवर सगळं दिसतं म्हणजे ट्यूनर वाईट, हा निष्कर्ष तोवर काढता येत नाही, कारण दोघांना मिळणारा सिग्नल मुळात वेगळा आहे. एक सावधगिरी: छतावर अँम्प्लिफायर असेल आणि त्याला वीज टीव्हीच्या सॉकेटमधून केबलद्वारे जात असेल, तर केबल ट्यूनरला लावताच तो बंद पडेल आणि निकाल फसवा येईल. वीज वेगळ्या डबीतून जात असेल तर काळजी नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा: छतावरची केबल लावून ट्यूनरची परीक्षा, मग एका फ्रिक्वेन्सीवर थांबून छोट्या अँटेनाची जागा शोधणं, मग दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तीच जागा चालते का ते पाहणं. दोन्हींना चालेल अशी जागा हवी, एकीला उत्तम आणि दुसरीला शून्य अशी नको. एवढं झाल्यावर एकदाच स्कॅन करा. सेटिंगमध्ये 'सविस्तर' किंवा 'सावकाश' असा पर्याय असेल तर तो घ्या, जुनी चॅनेल न पुसण्याचा पर्याय असेल तर तोही. नेटवर्क शोध चालू ठेवला तर सॉफ्टवेअर तक्त्यात जाहीर केलेल्या इतर फ्रिक्वेन्सीही तपासतं, वेळ जास्त लागतो पण बहुधा फायदा होतो. एकच चॅनेल दोनदा आलं तर ते दोन प्रक्षेपकांवरून आलेलं असू शकतं. जास्त सीएनआरचं ठेवा. आणि यादीची प्रत दुसरीकडे जपून ठेवा.

आता ज्यांना एकदाही काही सापडलेलं नाही त्यांच्यासाठी. सर्वांत जास्त वेळा कारण पद्धतीचं निघतं. डीव्हीबी-टी आणि डीव्हीबी-टी२ ही नावं सारखी वाटली तरी फक्त टी समजणाऱ्या ट्यूनरला टी२ हा निव्वळ गोंगाट वाटतो. नुसती आरटीएल२८३२यू ही चिप असलेले स्वस्त ट्यूनर असेच आहेत, आणि खोक्यावर मात्र 'डिजिटल टीव्ही' एवढंच छापलेलं असतं. टी२ मध्ये एका फ्रिक्वेन्सीवर एकाहून जास्त पीएलपी, म्हणजे स्वतंत्र प्रवाह असू शकतात. सॉफ्टवेअर फक्त शून्य क्रमांकाचा पाहत असेल तर बाकीची चॅनेल कधीच दिसत नाहीत. जुनी कार्डं निव्वळ ॲनालॉग असतात. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रसारण जून २००९ मध्ये थांबलं, ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये. अशा ठिकाणी त्या कार्डाला हवेतून पकडायला काही उरलेलंच नाही.

तोच ट्यूनर आधी रेडिओ ऐकण्यासाठी वापरला असेल आणि झॅडिग या ड्रायव्हर बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याचा ड्रायव्हर बदलला असेल, तर टीव्ही सॉफ्टवेअरला तो दिसणारच नाही. मूळ ड्रायव्हर परत बसवावा लागतो. सेट-टॉप बॉक्सचं आउटपुट ट्यूनरला लावून हवेतल्या फ्रिक्वेन्सी स्कॅन करणं व्यर्थ आहे. बॉक्सने चॅनेल आधीच उलगडलेलं असतं. आरएफ आउटपुट (टीव्हीच्या अँटेना सॉकेटला जोडायचं) असेल तर त्यावर एकच ॲनालॉग वाहिनी मिळते, पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी असतील तर त्यांना ट्यूनर लागतच नाही, कॅप्चर इनपुट लागतं. केबल टीव्हीची तार थेट लावायची तर ट्यूनरला डीव्हीबी-सी किंवा त्या भागातली केबलची पद्धत यायला हवी. आणि तरीही स्कॅनमध्ये शंभर चॅनेल सापडून पडदा काळाच राहू शकतो, कारण ती कूटबद्ध असतात आणि ट्यूनरकडे किल्ली नसते. हवेतलं चॅनेल सापडतं, आवाज येतो पण चित्र नाही, असं असेल तर संगणकात एचईव्हीसी, म्हणजे चित्र दाबून छोटं करण्याची पद्धत, उलगडण्याची सोय आहे का ते पाहा. जर्मनीतलं डीव्हीबी-टी२ प्रसारण त्या पद्धतीनेच होतं.

छतावरची केबल लावून पाहिल्यावरही आकडे डळमळीत राहिले, तर ट्यूनरमधल्या चिपचं नाव, दोन्ही फ्रिक्वेन्सी, प्रत्येकीवरचा सीएनआर आणि पाच मिनिटांत न दुरुस्त झालेले तुकडे किती वाढले, एवढं लिहा. त्यावरून दोष केबलमध्ये आहे, अँम्प्लिफायरमध्ये की ट्यूनरमध्ये, ते बऱ्यापैकी नेमकं सांगता येईल.